अडकलेली तेलगाळणी : कारणे, सोडविण्याची रीत व दक्षता

शेतीच्या कामात ट्रॅक्टर, पॉवर टिलर व डिझेल पंप यांचा वापर वाढला, तसे त्यांचे इंजिन तेल घरच्या घरी बदलणारे शेतकरीही वाढले. हे काम अवघड नाही. चेंबरचा बोल्ट काढावा, जुने तेल उतरू द्यावे, गाळणी बदलावी व नवे तेल भरावे, एवढाच त्याचा क्रम आहे. परंतु या क्रमातील गाळणी बदलण्याची पायरी अनेकदा अडते. गाळणीचा डबा किंवा वाटी हाताने हलत नाही, पाना घसरतो, पत्रा चेपतो आणि शेवटी "तेल तर नवे भरले, गाळणी पुढच्या खेपेस पाहू" असा निर्णय होतो. काही जण याउलट छिन्नी-हातोडी घेऊन डबा फोडतात आणि मग ना जुनी गाळणी निघते, ना नवी बसते. या दोन्ही गोष्टींमुळे इंजिनाची हानी होते. म्हणून गाळणी का अडकते, ती कोणत्या क्रमाने सोडवावी आणि पुन्हा अडकू नये यासाठी बसविताना काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. गाळणीचे कार्य व जुनी गाळणी ठेवण्यातील धोका

इंजिन सुरू असताना तेलाचा पंप चेंबरमधील तेल ओढून घेतो व दाबाने गाळणीतून पुढे पाठवितो. तेथून ते क्रँकच्या बेअरिंगांना, कॅम शाफ्टला व इतर फिरत्या भागांना मिळते आणि पुन्हा चेंबरमध्ये उतरते. फिरता भाग व बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो तो अत्यंत पातळ असतो. धातूचा चुरा, काजळी व धुळीचे कण या थरात शिरले की बेअरिंग घासले जाते. हे कण अडविण्याचे काम गाळणीतील घडीच्या कागदाचे आहे. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी मोटारीसाठी तेलगाळणी तयार केली. त्यापूर्वीच्या इंजिनांत तारेच्या जाळीपलीकडे फारशी सोय नव्हती व तेलही फार लवकर बदलावे लागे.

गाळणी तुंबली तर इंजिनाला तेल मिळणे बंद होऊ नये यासाठी गाळणीत किंवा तिच्या बैठकीत एक झडप बसविलेली असते. कागद तुंबला, किंवा थंडीत तेल घट्ट झाले, की ही झडप उघडते व तेल न गाळताच पुढे जाते. ही योजना इंजिनाच्या रक्षणासाठी आहे, परंतु तिच्यामुळेच मालकाची फसगत होते. जुनी गाळणी तशीच ठेवली तरी इंजिन सुरू होते, दाबाचा दिवा विझतो व काहीच बिघडले नाही असे वाटते. प्रत्यक्षात गाळणीत साचलेले काळे तेल नव्या तेलात मिसळते आणि कागद पुरता तुंबला की न गाळलेले तेल बेअरिंगकडे जाऊ लागते. झीज आवाज न करता होते व तिचा हिशेब बऱ्याच महिन्यांनी, बहुधा हंगामाच्या ऐन मध्यावर, द्यावा लागतो. म्हणून तेल बदलताना गाळणीही बदललीच पाहिजे.

२. गाळणीचे तीन प्रकार

सोडविण्याची रीत प्रकारानुसार बदलते. त्यामुळे आपल्या यंत्रावर कोणता प्रकार आहे हे प्रथम ओळखावे.

(अ) वाटीची गाळणी : यात पत्र्याची किंवा ओतीव धातूची वाटी असते व तिच्यात कागदी गाळणी सुटी बसते. मधून जाणारा एक लांब बोल्ट वाटीला वरच्या बैठकीशी आवळून धरतो. बैठकीच्या खाचेत रबरी रिंग असते. मॅसी फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टरच्या तीन सिलिंडरच्या पर्किन्स इंजिनावर अशी वाटी असे. त्या पिढीची बरीच इंजिने अद्याप शेतात काम करीत आहेत.

(आ) डब्याची गाळणी : पत्र्याचा बंद डबा, आत कागद व तोंडाशी रबरी रिंग. संपूर्ण डबाच आट्यांवर फिरवून बसवितात आणि जुना झाला की टाकून देतात. आजच्या बहुतेक ट्रॅक्टर, जीप व टेम्पोंवर हाच प्रकार आढळतो.

(इ) टोपीची गाळणी : इंजिनाच्याच अंगात भांडे असते आणि त्यावर आटे असलेली प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची टोपी असते. आतील कागद व टोपीची रिंग तेवढी बदलायची असते. अनेक नव्या मोटारींत हा प्रकार आहे. टोपीवर षट्कोनी डोके किंवा कडेने खाचा असतात.

३. गाळणी का अडकते?

पुष्कळांचा समज असा की आटे गंजल्यामुळे गाळणी अडकते. हा समज बहुतांशी चुकीचा आहे. गाळणीचे आटे आतल्या बाजूस असतात व ते सतत तेलात भिजलेले असल्याने सहसा गंजत नाहीत. खरी पकड असते ती रबरी रिंगेची. रिंग धातूवर दाबली जाते, इंजिनाच्या उष्णतेने महिनोन्‌महिने तापते, हळूहळू कडक होते आणि धातूच्या पृष्ठभागाला चिकटून बसते. डब्यावर बाहेरून रॉकेल किंवा गंज सोडविणारे तेल ओतूनही उपयोग होत नाही याचे कारण हेच. गंजाचा त्रास होतो तो मुख्यतः वाटीच्या बोल्टच्या डोक्याखाली व डब्याच्या बाहेरील पत्र्याला. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत पत्रा गंजून कमकुवत होतो आणि पाना लावताच चेपतो.

रिंग अधिक घट्ट चिकटण्यास पुढील कारणे घडतात :

(१) मागील वेळी गाळणी पाना लावून आवळलेली असणे.
(२) रिंगेला तेल न लावता ती कोरडीच बसविलेली असणे. कोरडी रिंग आवळताना पिळली जाते व तिची बैठक वेडीवाकडी होते.
(३) वाटीची किंवा टोपीची जुनी, फुगलेली अथवा कडक झालेली रिंगच पुन्हा वापरलेली असणे.
(४) गाळणी मुदतीपेक्षा फार अधिक काळ ठेवलेली असणे. अनेक ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत २५० तासांची मुदत दिलेली असते. आपल्या यंत्राची मुदत त्याच्या पुस्तिकेत पाहावी.

यांतील प्रत्येक कारण हे बसवितानाचे किंवा वेळ चुकविल्याचे आहे. सोडविताना जो त्रास होतो त्याचे मूळ मागच्या खेपेत असते, आणि पुढच्या खेपेचा त्रास वाचविणे आजच्या बसविण्यावर अवलंबून असते.

४. पूर्वतयारी

यंत्र सपाट जागी उभे करावे, ब्रेक लावावा व चाकांना दगड लावावेत. केवळ जॅकवर उचललेल्या वाहनाखाली कधीही जाऊ नये. नवी गाळणी, नवी रिंग, पुरेसे तेल, योग्य मापाचे पाने, पसरट घमेले व स्वच्छ चिंध्या आधीच जवळ ठेवाव्यात. नवी गाळणी जुन्याशी ताडून पाहावी. रिंगेचा व्यास व आटे जुळले पाहिजेत.

इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून बंद करावे व थोडा वेळ थांबावे. कोमट तेल पातळ होऊन लवकर उतरते, त्याबरोबर गाळही निघतो आणि रिंगेचे रबर किंचित मऊ होते. कढत तेलाने मात्र हात भाजतो, म्हणून घाई करू नये. धुराड्याचा नळ जवळ असेल तर त्याचेही भान ठेवावे.

यानंतरची सूचना महत्त्वाची आहे. चेंबरमधील तेल काढण्यापूर्वी गाळणी सैल होते की नाही हे पाहावे. सर्वसाधारण प्रथा याच्या उलट आहे. तेल आधी काढले आणि नंतर गाळणी निघाली नाही, तर यंत्र जागच्या जागी अडकून पडते, कारण तेलाविना ते मिस्त्रीपर्यंत नेता येत नाही. गाळणी प्रथम केवळ पाव फेरा सैल करून पाहावी. ती हलली तर पुढील काम निर्धास्तपणे करता येते. ती मुळीच हलली नाही तर इंजिनात तेल कायम असते आणि यंत्र चालवीत दुरुस्तीला नेता येते. गाळणी पाव फेरा हलविल्यावर काम त्या दिवशी पुढे ढकलावयाचे असेल, तर ती पुन्हा आवळून इंजिन सुरू करावे व गळती नाही याची खात्री करून घ्यावी.

५. सोडविण्याच्या पायऱ्या

दिशा : गाळणीचा बंद तळ आपल्या तोंडासमोर ठेवून पाहिले असता ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटते. खाली लोंबणारी गाळणी वरून वाकून पाहिली तर हीच दिशा नेमकी उलटी दिसते आणि सोडविण्याऐवजी ती आवळली जाते. खडूने डब्यावर बाण काढून घेतल्यास ही चूक टळते.

पहिली पायरी, पकड : डबा चिंधीने पुसून कोरडा करावा. तेलकट डब्यावर कितीही जोर केला तरी हात घसरतो. डब्याभोवती काचकागद खरखरीत बाजू आत करून गुंडाळावा किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दोन्ही हातांनी फिरवावे. पुष्कळ डबे एवढ्यानेच सुटतात.

दुसरी पायरी, योग्य पाना : डब्यासाठी पट्ट्याचा किंवा साखळीचा पाना वापरावा. तो डब्याच्या मोकळ्या टोकाला न लावता बैठकीच्या बाजूला, तोंडाजवळ लावावा. तोंडाशी आत जाड तबकडी असल्यामुळे तेथील पत्रा चेपत नाही. टोपीसाठी तिच्या मापाचा खाचांचा किंवा षट्कोनी सॉकेटच घ्यावा व तो पूर्ण खोल बसल्याची खात्री करावी. वाटीच्या बोल्टसाठी रिंग पाना किंवा बॉक्स पाना वापरावा. ढिल्या जबड्याच्या पान्याने बोल्टचे कोपरे झिजतात आणि मग बोल्ट काढणे हेच स्वतंत्र काम होऊन बसते.

तिसरी पायरी, संथ जोर : झटके देऊ नयेत. एकसारखा, वाढता जोर लावून काही क्षण धरून ठेवावा. चिकटलेली रिंग सुटण्यास सर्वाधिक जोर पहिल्या काही अंशांतच लागतो. ती एकदा सुटली की पुढे हात पुरतो. पान्याला लांब नळी जोडण्याचा मोह टाळावा. नळीमुळे जोर वाढतो खरा, परंतु पत्रा चेपत आहे की टोपी तडकत आहे हे हाताला कळेनासे होते.

चौथी पायरी, पुन्हा ऊब : यंत्र थंड झाले असल्यास इंजिन काही मिनिटे चालवून, बंद करून पुन्हा प्रयत्न करावा. मात्र यापूर्वी गाळणी थोडीही हललेली असल्यास ती आधी आवळून घ्यावी. ज्योतीने किंवा टेंभ्याने गाळणी तापविणे हे आगीला आमंत्रण आहे. ते कोणत्याही परिस्थितीत करू नये.

वाटीबाबत : बोल्ट सैल झाला तरी वाटी रिंगेला चिकटून राहू शकते. अशा वेळी लाकडी मोगरीने वाटीच्या काठावर आळीपाळीने चारही बाजूंनी हलके ठोके द्यावेत. फटीत पेचकस घालून उचकटू नये, कारण बैठकीच्या खाचेवर ओरखडा पडला तर नवी रिंगही गळते. बोल्टच्या डोक्याखाली गंज असल्यास गंज सोडविणारे तेल तेथे सोडून काही तास थांबावे. बोल्टवरील स्प्रिंग व वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कापडावर मांडून ठेवावेत.

टोपीबाबत : काही टोप्यांच्या तळाशी तेल काढण्याचा लहान बूच असतो. असल्यास तो प्रथम उघडावा. टोपी इंजिनाच्या वरच्या बाजूस असेल तर ती दोन-तीन फेरे सैल करून काही मिनिटे थांबावे. त्यामुळे भांड्यातील तेल खाली चेंबरमध्ये उतरते व सांडत नाही.

केव्हा थांबावे : पाना दोनदा घसरला, बोल्टचे कोपरे गोल होऊ लागले, टोपीवर तडा दिसला किंवा डबा चेपू लागला, तर काम तेथेच थांबवावे. तोपर्यंत चेंबरमधील तेल काढले नसेल व गाळणी गळत नसेल तर यंत्र मिस्त्रीकडे नेता येते. तडा गेलेल्या टोपीवर मात्र इंजिन चालवू नये. अशा वेळी मिस्त्रीलाच बोलवावे.

डब्यात पेचकस आरपार ठोकून तो फिरविण्याची रीत सर्वत्र ऐकू येते. गंजलेला पत्रा त्यामुळे कागदासारखा फाटतो आणि बैठकीला फक्त तोंडाची तबकडी चिकटून राहते. पेचकस एकदा आत गेला की यंत्र हलविण्याचा मार्ग संपला, हे ध्यानात घ्यावे. उरलेली तबकडी तिच्या भोकांत बोथट छिन्नी टेकवून उलट दिशेने हलके ठोके देत काढता येते, पण बैठकीला धक्का न लावता हे करण्यास सरावलेला हात लागतो. फाटलेल्या पत्र्याच्या धारेने बोटे कापतात, म्हणून जाड हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नये.

६. गाळणी निघाल्यावर : जुनी रिंग शोधा

गाळणी निघाली म्हणजे काम संपले असे नाही. जुनी रिंग डब्यासोबत आली की बैठकीलाच चिकटून राहिली, हे डोळ्यांनी पाहावे व बोटाने चाचपावे. जी गाळणी अडकली होती तिची रिंग बैठकीला चिकटून राहण्याचा संभव अधिक असतो. काळ्या बैठकीवर काळी रिंग सहज दिसत नाही. तिच्यावरच नवी गाळणी बसविली तर दोन रिंगा एकावर एक येतात. इंजिन मंद चालत असता कदाचित गळती होत नाही. वेग वाढून तेलाचा दाब चढला की रिंग बाहेर फेकली जाते आणि बघता बघता चेंबर रिकामा होतो. तशा स्थितीत इंजिन तात्काळ बंद केले नाही तर बेअरिंग जळतात व क्रँक जाम होतो. एका रिंगेकडे झालेल्या दुर्लक्षामुळे संपूर्ण इंजिन खोलावे लागते. "एक काढली, एक घातली" अशी मोजदाद मोठ्याने करावी.

बैठक स्वच्छ चिंधीने पुसावी. खाचेतील रिंग काढण्यास लाकडी किंवा बांबूची काडी वापरावी. डब्याबरोबर बैठकीतील आट्याची नळी निघून आली नाही ना, हेही पाहावे. वाटी डिझेलने धुऊन पूर्ण कोरडी करावी. वाटीच्या तळाशी चकाकणारा धातूचा चुरा दिसला तर ते बेअरिंग झिजत असल्याचे लक्षण असू शकते. मिस्त्रीला तो दाखवावा.

७. नवी गाळणी बसविणे

नव्या रिंगेला स्वच्छ तेलाचे बोट फिरवावे. डबा हाताने आट्यांवर सरळ लावावा. रिंग बैठकीला टेकली की तेथून पुढे डब्यावर छापलेल्या सूचनेप्रमाणे, बहुधा अर्धा ते एक फेरा, केवळ हाताने आवळावा. हाताने आवळलेला डबा गळेल अशी भीती निराधार आहे. तेलाची गळती रोखते ती दाबलेली रिंग, आणि ती दाबण्यास तेवढा फेरा पुरेसा असतो. बोटांची पकड डब्याच्या मध्यापासून जेमतेम ४-५ सेंटिमीटरवर असल्याने हाताने गरजेपेक्षा फार अधिक आवळताही येत नाही.

वाटीची रिंग खाचेत पीळ न पडता बसवावी व बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळावा. टोपीची रिंग तिच्या नेमक्या खाचेतच घालावी. स्कोडा व फोक्सवॅगनच्या अनेक डिझेल मोटारींत टोपीवरच २५ न्यूटन-मीटर हा आकडा उमटविलेला असतो. २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे १० किलो भार दिला असता जेवढा पीळ पडतो तेवढाच तो जोर आहे. सर्व ताकदीनिशी पाना ओढणारा मनुष्य याच्या कितीतरी पट पीळ देतो.

तेल भरून कांडीवर पातळी पाहावी. इंजिन सुरू करून वेग न वाढविता दाबाचा दिवा विझण्याची अथवा काटा चढण्याची वाट पाहावी. काही सेकंदांत तसे न झाल्यास इंजिन ताबडतोब बंद करावे. बैठकीभोवती गळती नाही ना, ते पाहावे. इंजिन बंद केल्यानंतर पाच मिनिटांनी पातळी पुन्हा मोजावी. डब्यावर रंगाने तारीख व तासांचा आकडा लिहून ठेवावा.

८. जुने तेल

वापरलेल्या तेलात धातूचे कण व जळाल्याने तयार झालेली घातक द्रव्ये असतात. ते त्वचेवर वारंवार लागणे अपायकारक आहे, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. हे तेल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून अधिकृत संकलन करणाऱ्याकडे, अथवा त्याच्याकडे ते सोपविणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे. जुनी गाळणी रात्रभर पालथी ठेवून निथळू द्यावी व निथळलेले तेल त्याच कॅनमध्ये घालावे.

९. लक्षात ठेवावयाच्या बाबी

१) गाळणी सैल झाल्याची खात्री आधी, चेंबरचा बोल्ट नंतर.
२) पाना तोंडाजवळ लावावा, जोर संथ द्यावा, दिशा बाणाने दर्शवावी.
३) जुनी रिंग हातात आल्याशिवाय नवी गाळणी बसवू नये.
४) नव्या रिंगेला तेल लावावे व डबा हातानेच आवळावा.
५) गाळणी निघत नसल्यास ती तशीच ठेवून नुसते तेल बदलण्यावर समाधान मानू नये. यंत्र मिस्त्रीकडे न्यावे.

शिक्षकांसाठी

आट्याचे झाकण असलेल्या दोन सारख्या काचेच्या बरण्या व दोन रबरी रिंगा घ्याव्यात. एक रिंग कोरडी व दुसरीला तेलाचे बोट लावून झाकणे सारखीच आवळावीत आणि बरण्या काही दिवस उन्हात ठेवाव्यात. नंतर विद्यार्थ्यांना ती उघडावयास सांगून फरक विचारावा. तसेच पुढील प्रश्न वर्गात किंवा शेतकरी मंडळाच्या बैठकीत चर्चेसाठी घेता येतील :

१) २५ न्यूटन-मीटर पीळ देण्यासाठी ५० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे किती किलो भार लागेल? (उत्तर : ५ किलो)
२) गाळणी तुंबली असतानाही इंजिन सुरळीत चालल्यासारखे का वाटते?
३) डब्यावर बाहेरून रॉकेल ओतल्याने तो का सुटत नाही?
४) एकावर एक बसलेल्या दोन रिंगा मंद वेगात तेल धरतात, पण वेग वाढताच का सुटतात?